बेघर माणसांसोबत माती, हातकाम आणि गाणं : तालुक्याच्या गावात सुरुवात कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी बसस्टँड, देवळाचा ओटा आणि बाजाराचं शेड इथे मिळून दहा-बारा बेघर माणसं राहतात. गावचं तरुण मंडळ दर रविवारी त्यांना जेवण देतं. आता मंडळाला जेवणापलीकडे काही करायचं आहे: बागकाम, चित्रं, गाणी. सुरुवात कशी करावी, कोणते उपक्रम टिकतात, ज्यांचं मन आजारी आहे त्यांच्याशी कसं वागावं, आणि ऊन-पावसात काय करावं, हे विचारलं आहे.

उपक्रम कोणता निवडायचा याचा विचार नंतर करा. आधी वार आणि वेळ ठरवा. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाकडे येणारे लोक बहुतेक एकदाच येतात. कोणी वाढदिवसाला ब्लँकेट देतो, कोणी पितृपक्षात जेवण. "परत येतो" म्हणून गेलेला माणूस परत येतो, हा अनुभवच त्यांच्या वाट्याला येत नाही. म्हणून आठवड्यातून दोन ठरलेले दिवस, तीच जागा, तीच वेळ, आणि तुमच्यातली किमान दोन माणसं प्रत्येक वेळी तीच. उपक्रम साधा असला तरी चालतो. चुकलेला वार मात्र महागात पडतो, कारण जेमतेम बसलेला विश्वास पुन्हा पहिल्यापासून बसवावा लागतो.

इथे आपल्याकडची खरी अडचण येते ती शेतीच्या वेळापत्रकाची. जूनमध्ये पेरणी लागली की मंडळातली पोरं शेतात. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू झाली की तेच. मार्चमध्ये कॉलेजवाले परीक्षेला बसतात. त्यामुळे उपक्रमाचा कणा बारा महिने गावात असणाऱ्या माणसांवर उभा करा: बसस्टँडसमोरचा चहावाला, त्या वॉर्डाच्या आशाताई, निवृत्त शिक्षक, देवळातले सेवेकरी. राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं जास्तीचे हात म्हणून हवीतच, पण कणा त्यांचा नको. आणि वेचणीच्या दिवसांत तुमच्या दहापैकी तीन-चार जणही मजुरीला जातील. ते आले नाहीत म्हणजे उपक्रम फसला असं समजू नका. त्या काळात संध्याकाळची वेळ ठेवून पाहा.

दहा-बारा जणांना एक गट समजण्याची घाईही करू नका. त्यात म्हातारपणी घरातून निघालेले किंवा काढलेले असतात, यात्रेनंतर मागे राहिलेले असतात, नवरा वारल्यावर सासर-माहेर दोन्ही तुटलेल्या बाया असतात, दारूत घर गेलेले असतात, मन आजारी असलेले असतात. बडनेरा, वर्धा, बल्लारशा या मोठ्या रेल्वेमार्गावरच्या गावांत तेलुगू, हिंदी, बंगाली, उडिया बोलणारी माणसंही उतरून राहतात. त्यांच्या गप्प बसण्याला लोक वेड समजतात, पण बरेचदा भाषाच कळत नसते. फोनवर त्या भाषेत बोलणारा एक माणूस शोधून ठेवा. पाल ठोकून राहणारी भटकी कुटुंबं मात्र वेगळी. त्यांचं कुटुंब आणि कसब शाबूत असतं, त्यांना जागा, दाखले आणि मुलांची शाळा हवी असते. त्यांना या उपक्रमात ओढू नका.

तालुक्याच्या गावात निवारा का नसतो, हेही माहीत असू द्या. शहरी बेघरांच्या निवाऱ्याचं सरकारी प्रमाण एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा असं ठरलेलं होतं. तीस-चाळीस हजारांचं गाव त्यातून सुटतंच. म्हणून इथे तुम्ही जे उभं कराल ते उघड्यावरचं असणार, हे धरून आखणी करा.

जागा निवडताना चार गोष्टी पाहा. मोठी सावली (कडुनिंब, चिंच, पिंपळ), पिण्याचं पाणी, शंभर पावलांत संडास, आणि दोन बाजूंनी मोकळी वाट. कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, बाहेर पडायला एकच वाट असलेल्या जागी घाबरलेला माणूस बसत नाही. बसस्टँडच्या फलाटावर करू नका, येणारे-जाणारे गोळा होऊन पाहत बसतात. देवळाचं मागचं अंगण, नगरपरिषदेची किंवा नगरपंचायतीची पडीक जागा, बंद पडलेला कोंडवाडा, जुन्या शाळेचं आवार यांपैकी काहीतरी मिळतंच. परवानगी लेखी घ्या आणि पोलीस ठाण्यात एक प्रत द्या.

पहिल्या महिन्यात कोणताही उपक्रम करू नका. चटई अंथरा, चहा करा, काहीतरी हातकाम स्वतः करत बसा. शेंगा सोला, सुतळी वळा, पत्रावळी लावा. दहा-बारा जणांना दीड लिटर चहा पुरतो. साखर कमी घाला आणि एक थर्मास बिनसाखरेचा ठेवा, कारण मधुमेह असणाऱ्याला तो आहे हे बरेचदा ठाऊकच नसतं. आपलं नाव आधी सांगा, मग विचारा. नाव नाही सांगितलं तर "आबाजी", "माय", "भाऊ", "ताई" म्हणा, पण गावाने ठेवलेलं टोपणनाव कधीही वापरू नका. घरचे कुठे आहेत, इथे कसे आलात, हे प्रश्न पहिल्या महिन्यात विचारायचेच नाहीत. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी, हाताएवढं अंतर सोडून, एकाच दिशेला तोंड करून बसा. हातात काम आणि नजर कामावर असली की माणूस आपसूक बोलतो. हातकामाचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे.

जेवणाचं वाटप सुरू ठेवायचं असेल तर ते वेगळ्या दिवशी ठेवा. दोन्ही एकत्र केलं की माणूस ताटासाठी बसतो आणि ताट मिळालं की उठतो. इथे चहा, मुरमुरे, चणे एवढंच, आणि तेही सगळ्यांनी मिळून, तुम्हीसुद्धा त्यांच्याच चटईवर बसून.

आता उपक्रम. विदर्भात रोगाने किंवा परिस्थितीने बाहेर पडलेल्यांच्या हाताला मातीचं आणि कारागिरीचं काम देण्याची जुनी परंपरा आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ पासून, अमरावतीच्या तपोवनात १९४६ पासून आणि पुढे वरोऱ्याच्या आनंदवनात कुष्ठरोग झालेल्या माणसांनी शेती आणि हस्तोद्योग उभे केले. तुमच्याकडे जमीन नाही, मुक्काम नाही, म्हणून तेवढं जमणार नाही. पण त्यातला एक धागा घेता येतो. केलेल्या वस्तूचा कोणाला तरी खरा उपयोग व्हायला हवा. नुसतं रंगवायला कागद दिला तर साठीतला माणूस तो बाजूला ठेवतो, त्याला ते पोरखेळ वाटतं, आणि त्याचं बरोबर असतं.

सुरुवात मेथीने करा. सांभारापेक्षा (कोथिंबिरीपेक्षा) मेथी बरी, कारण मेथी तीन-पाच दिवसांत उगवते. म्हणजे पुढच्या बैठकीला डोळ्यांना काही दिसतं. सांभाराला आठ-दहा दिवस लागतात, तेवढ्यात माणसाचा भरवसा उडतो. पंधरा किलोचे तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे किराणा दुकानातून मिळतात. उभा डबा आडवा कापून दोन कुंड्या करा, कडा ठोकून आत वळवा (नाहीतर बोटं कापतात), तळाला खिळ्याने पाच-सहा भोकं पाडा. माती भरताना नुसती काळी माती घालू नका. ती ओली झाली की घट्ट बसते, वाळली की भेगा पडून मुळं तुटतात. दोन भाग काळी माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग रेती, वर मूठभर कुटार (भुसा). कच्चं शेण घातलं तर रोपं जळतात आणि वाळवी लागते. बियाणं रात्रभर भिजवून, बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल, वर हलकी माती. थंडीत मेथी पंचवीस-तीस दिवसांत खुडायला येते. पावसाळ्यात मेथी सडते, तेव्हा अंबाडी आणि चवळी लावा, कुंपण असेल तर दोडक्याचा वेल चढवा. उन्हाळ्यात चवळाई तग धरते. जमिनीत वाफे करू नका. जागा सोडायची वेळ आली तर डबे उचलून नेता येतात, वाफा नेता येत नाही, आणि वाफा तुटलेला पाहणं या माणसांना आपल्यापेक्षा जास्त लागतं.

एक गोष्ट ठाम सांगतो. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा किंवा बाटली, कितीही धुतलेली असली तरी, ना कुंडीसाठी ना पाण्यासाठी वापरायची. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे जीव गेले. असे डबे गावात कुठेही पडलेले सापडतात, आणि बेघर माणूस त्यातच पाणी भरून ठेवतो. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला झाकणाची स्वच्छ बाटली द्या आणि जुनी मागून घ्या.

प्रत्येक डब्याला एक माणूस जोडा, खडूने त्याची खूण काढा: नाव, फूल, चांदणी, जे तो सांगेल ते. तुम्ही येत नाही त्या दिवशीही त्याला पाणी घालायचं काम उरतं. चहावाल्याकडे एक बादली आणि पाणी काढायचा मग ठेवून द्या. मेथी खुडली की तिचं काय करायचं हे त्यानेच ठरवावं. कोणी चहावाल्याच्या घरी देतो, कोणी देवळाच्या स्वयंपाकघरात, कोणी कच्चीच खातो. सगळं चालतं.

पत्रावळी हा आपल्याकडचा फार चांगला उपक्रम आहे, कारण खेड्यातल्या वयस्कर हातांना तो बहुधा येतोच. तिथे शिकवणारे ते असतात आणि शिकणारे तुम्ही. पळसाची पानं जून पण हिरवी हवीत. कोवळी फाटतात, वाळलेली मोडतात. वाळली असतील तर अर्धा तास पाण्यात भिजवा. बुरडाकडून बांबूच्या बारीक काड्या घ्या. एका पत्रावळीला सहा-सात पानं लागतात. लावलेल्या पत्रावळी ओल्याच एकावर एक रचल्या तर दोन दिवसांत काळी बुरशी येते. आधी सावलीत सुकवा, मग वर पाटा किंवा दगड ठेवून दाबा. देवळाच्या महाप्रसादाला, गावातल्या तेराव्याला या पत्रावळी जाऊ द्या आणि पंगतीत त्या कोणी लावल्या हे सांगा. ज्याला गाव फक्त घेणारा म्हणून ओळखतं, त्याच्याकडून गावाला काही मिळालं की लोकांच्या बोलण्यात फरक पडतो. त्या माणसाची पाठ सरळ होते ती त्यानंतर.

तान्ह्या पोळ्याच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या, लहान मुलांच्या बैलांच्या सणाच्या) आधीचे तीन आठवडे मातीच्या बैलांसाठी राखून ठेवा. कुंभाराकडची मळलेली माती दहा जणांना पाच-सहा किलो पुरते. शेतातली काळी माती यासाठी नको, ती सुकताना तडकते. पाय आणि शिंगं वेगळी करून चिकटवताना दोन्ही बाजू काडीने खरवडून, पातळ चिखल लावूनच दाबायच्या. नाहीतर सुकल्यावर पहिली शिंगं गळतात. सावलीत पाच-सहा दिवस, ओलं फडकं टाकून हळूहळू सुकवा. रंग गेरू आणि चुन्याचा. गेरूत बाभळीच्या डिंकाचं पाणी घातलं नाही तर हात लागताच रंग निघतो. हे बैल वस्तीतल्या लहान मुलांना द्यायचे. होळीच्या आधी पळसफुलांचा रंग काढता येतो: अर्धा किलो ताजी फुलं पाच लिटर पाण्यात अर्धा तास उकळून रात्रभर ठेवायची. चिमूटभर चुना टाकला तर केशरी रंग गडद होतो, पण मग तो कापड आणि कागद रंगवायलाच वापरा. डोळ्यांत उडेल असा खेळायला नको.

बायांसाठी गोधडी शिवणं सगळ्यात टिकाऊ ठरतं. दोन जुन्या सुती साड्या, आत चिंध्यांचा थर, बोटभर अंतरावर धावदोरा. सुया मोजून द्या, मोजून घ्या. बायांची बैठक शक्य तर वेगळी आणि बाईमाणसानेच चालवलेली असावी. पुरुषांच्या घोळक्यात रस्त्यावरची बाई येत नाही, आणि तिची कारणं तिला पक्की ठाऊक असतात.

गाण्याला माईक लावू नका, रंगमंच करू नका. गोलात बसून एक खंजिरी मध्ये ठेवा आणि ती कोण उचलतो ते पाहा. फक्त भजनं ठेवली तर काही जण गप्प राहतील. भीमगीतं, कव्वाली, भुलाबाईची गाणी, दंडारीतली (इकडच्या लोकनाट्यातली) पदं, जुनी सिनेमातली गाणी, ज्याला जे येतं ते. विस्मरण झालेल्या म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नाही, पण लहानपणचं गाणं आख्खं येतं. त्या गाण्यातल्या गावांची, नद्यांची नावं टिपून ठेवा. पत्ता शोधताना उपयोगी पडतात, पण ते पुढे.

निसर्ग म्हणून वेगळी सहल काढायची गरज नाही. पूर्व विदर्भात मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ असते, इतरत्र नदीकाठ किंवा आमराई. महिन्यातून एकदा सकाळी तिथवर चालत जाऊन चहा पिऊन परत या, एवढं पुरे. आधी प्रत्येकाच्या पायात मापाची चप्पल आहे का ते पाहा. उन्हाळ्यात झाडाला पाखरांसाठी परळ बांधून त्यात रोज पाणी घालण्याचं काम अशा माणसाला द्या जो अजून कोणाशी बोलत नाही. त्याला माणसांत यायला वेळ लागतो, पाखरं चालतात.

प्रकृतीची काळजी उपक्रमाच्या बरोबरीने घ्यावी लागते. मातीत हात घालण्याआधी प्रत्येकाला प्राथमिक आरोग्य केंद्रात धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालेलं असावं. कुष्ठरोग किंवा मधुमेहाने बधिर झालेल्या हातापायाला जखम कळत नाही. अशांना लांब दांड्याचं खुरपं आणि हातमोजे द्या, बैठक संपली की हातपाय धुताना तळवे पाहा. ऑगस्ट ते ऑक्टोबर उंच गवतात बसू नका. २०१८ मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफसची साथ आली होती, तो गवत-झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चावण्याने होतो. ताप आणि अंगावर काळी खपली दिसली तर त्याच दिवशी दवाखाना. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथर, भास, झटके येतात आणि त्यात जीवही जातो. त्याला "सोडून दे" असा उपदेश करण्याऐवजी १०८ बोलवा. पिऊन आलेल्याला हाकलू नका. चहा द्या, कडेला बसू द्या, हातात विळा-कात्री मात्र देऊ नका.

वेळा ऋतूप्रमाणे बदला, पण वार तोच ठेवा. एप्रिल ते जून सकाळी साडेसहा ते आठ. नऊनंतर आपल्याकडच्या उन्हात कोणालाही बसवू नये, आणि माठातलं पाणी, मीठ-साखर-लिंबू सोबत हवंच. पावसाळ्यात बाजाराचं शेड. डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर अजिबात नको, रात्रभर थंडीत कुडकुडलेला माणूस सूर्य वर आल्यावरच झोपतो.

मन आजारी असलेल्यांबद्दल. एकटाच बोलणारा, हातवारे करणारा माणूस बहुतेक वेळा धोकादायक नसतो, घाबरलेला असतो. त्याला ऐकू येणारे आवाज खोटे आहेत असा वाद घालू नका, खरे आहेत असंही म्हणू नका. "तुम्हाला त्रास होतो आहे, मी इथे बसतो" एवढं बोला. मागून जाऊ नका, न विचारता स्पर्श करू नका. अंघोळ आणि केस कापणं हे त्याने होकार दिल्याशिवाय करायचं नाही. चार जणांनी धरून डोकं भादरणं आणि त्याचा व्हिडिओ काढणं ही सेवा नव्हे, तो हल्ला आहे. न्हाव्याला एक दिवस बोलवा, झाडाला आरसा टांगा, आणि थांबा. कोणाला तरी वाटतंच.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १०० प्रमाणे, मनाच्या आजाराने भटकणारा आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस दिसला तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं. कोठडीत ठेवता येत नाही. बेघर असेल तर हरवलेल्या माणसाची नोंद करून घरच्यांचा शोध घेणं ठाण्याचं काम आहे. ही माहिती छापून सोबत ठेवा आणि ठाणेदारांना शांतपणे दाखवा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, पुढे नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय. सल्ल्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक, ज्येष्ठांसाठी १४५६७, बायांसाठी १८१, मूल दिसलं तर १०९८. औषध सुरू झालेल्या माणसाची गोळी रोज चुकणार नाही याची जबाबदारी मात्र गावातल्या एकाच माणसाने घ्यावी, आणि इथे चहावाला सगळ्यांत उपयोगी पडतो.

घरचा पत्ता लागला म्हणून लगेच फोन लावू नका. आधी त्या माणसाला विचारा. घरातल्या मारहाणीतून निघालेली बाई असू शकते. फोटोही याच कारणासाठी नकोत, मंडळाच्या ग्रुपवरसुद्धा नकोत. देणगीदाराला दाखवायचं असेल तर मेथीचे डबे आणि पत्रावळींचा फोटो पाठवा.

तीन-चार महिने गेले की कागदपत्रांचं काम घ्या. आधार नसेल तर ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी तहसील कार्यालयाशी बोला. पासष्टच्या आतल्या निराधारांना संजय गांधी निराधार अनुदान, पासष्टच्या पुढे श्रावणबाळ योजना. दोन्हींना महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा लागतो, म्हणून जुन्या शाळेची नोंद, मतदार यादी, लग्न झालेल्या गावच्या पोलीस पाटलाची ओळख असं शोधत जावं लागतं. ही माहिती माणूस तुम्हाला देतो ती शेंगा सोलताना, अर्ज भरताना नाही.

नोंदवहीत किती ताटं वाढली हे लिहू नका. प्रत्येक नावासमोर तीनच गोष्टी लिहा: आज आला का, कोणाशी बोलला, अंगावर काही नवीन जखम किंवा आजार. माणूस सलग दोन बैठका आला नाही तर त्याच दिवशी दोघांनी शोधायला निघायचं: बसस्टँड, रेल्वे स्टेशन, सरकारी दवाखाना, पोलीस ठाणे. वारला असेल तर गटापासून लपवू नका. बेवारस म्हणून अंत्यसंस्कार होण्याआधी ठाण्यात जाऊन नाव सांगा, ज्यांना यायचं आहे त्यांना सोबत न्या, आणि त्याच्या डब्यातल्या मेथीला पाणी कोण घालणार हे पुढच्या बैठकीत सगळ्यांना विचारून ठरवा.

खर्चाचं सांगायचं तर डबे आणि शेणखत मागून मिळतं. खरा खर्च चहा, चणे, चपला, हातमोजे आणि जिल्ह्याच्या दवाखान्याच्या फेऱ्यांचा. त्यातला फेऱ्यांचा पैसा वेगळा काढून ठेवा, कारण तो अचानक आणि रात्रीच लागतो. वस्तू विकायची घाई पहिल्या वर्षी नको. विकलीच तर पैसे त्याच दिवशी, त्याच हातात.